ठिणगी उंदरीण आणि खरखरीत फळी

पोरांनो, अख्ख्या गावात माझ्यासारखा सुतार नाही.

मी एकदा स्टूल केलं. एकदम मजबूत! त्यावर माझी बायको बसली. तिला सगळे माई म्हणतात. माई बसली आणि थेट फरशीवर पोचली. स्टूल चार दिशांना गेलं.

बरं. गावात एक चांगला सुतार आहे. तो मी नाही. मी नाना.

हसू नका. गोष्ट ऐका. आणि वाचणाऱ्या आईबाबांनो, दोन पानं एकदम उलटायची नाहीत. नानाला कळतं.

तर माईला हवी होती मांडणी. लोणच्याच्या बरण्या ठेवायला.

माई म्हणाली, "सुताराला बोलावू."

मी म्हणालो, "घरात मी असताना?"

माई म्हणाली, "म्हणूनच."

मी ऐकतोय होय! दाराच्या मागे एक जुनं प्लायवूड उभं होतं. मी ते ओढलं. खर्र! मी ते कापलं. घर्र घर्र घर्र! भुसा उडाला. पोह्यांत भुसा. माईच्या अंबाड्यात भुसा. माझ्या मिशीत भुसा.

आणि दाराच्या मागून आवाज आला. चिं चिं चिं!

बघतो तर काय? एक उंदरीण. नाव ठिणगी. अंगठ्याएवढी उंदरीण, हत्तीएवढा राग. तिच्याजवळ तिची पाच पिल्लं. गुलाबी. उघडी. थंडीने कुडकुडत होती.

ठिणगी ओरडली, "नाना! माझं घर कापलंत!"

"घर? मला वाटलं प्लायवूड."

"त्याच्या मागे आम्ही राहत होतो! आता पिल्लं झोपवू कुठे? तुमच्या मिशीत?"

मी घाबरलो. मिशी एकच आहे.

मी म्हणालो, "रागावू नकोस बाई. मांडणीची सगळ्यात खालची फळी तुझी. शब्द दिला."

ठिणगीने पिल्लं एका करवंटीत ठेवली. पाच पिल्लं, एक करवंटी! एकाचा पाय दुसऱ्याच्या कानात. दुसऱ्याची शेपटी तिसऱ्याच्या नाकात. सगळी ओरडली. चिं चिं चिं!

ठिणगी फळी बघायला गेली. फळी मी खिडकीत उभी करून ठेवली होती. ठिणगी फळीवर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

"आई आई गं!"

पोटात कूस टोचली. कूस म्हणजे लाकडाचा बारीक काटा. ठिणगीने दातांनी ती ओढली. थू करून टाकली.

"माझ्या पोटावर केस आहेत, तरी टोचलं. पिल्लांना तर केसच नाहीत! पोटं कशी, भिजल्या साबुदाण्यासारखी. या फळीवर झोपवू कशी?"

मग ठिणगी फळीलाच म्हणाली,

"फळीबाई फळीबाई, गुळगुळीत व्हा!
पिल्लं झोपवू कशी?"

फळी म्हणाली, "मी नाही होणार जा. कागद घासेल, तेव्हा होईन."

कागद म्हणजे पॉलिशपेपर. लाकूड घासायचा खरखरीत कागद. वहीचा नव्हे. वहीच्या कागदाने घासून बघा. नको, नका बघू. आई मला ओरडेल.

ठिणगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

कागद कोपऱ्यात पडला होता. गुंडाळी होऊन. अगदी आळशी.

ठिणगी म्हणाली,

"कागददादा कागददादा, फळी घासा!
फळी होईना गुळगुळीत.
पिल्लं झोपवू कशी?"

कागद म्हणाला, "मी नाही घासणार जा. नाना धरतील, तेव्हा घासेन."

"अहो, तुम्ही स्वतः जरा सरका की!"

"मला पाय आहेत का?"

नव्हते. ठिणगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

नाना कुठे होते? नाना म्हणजे मीच की! मी खुर्चीत बसलो होतो. पाय लांब करून. एक फळी कापली होती ना, दमलो होतो.

ठिणगी माझ्या अंगठ्यावर चढली.

"नाना नाना, कागद धरा!
कागद घासेना फळी.
फळी होईना गुळगुळीत.
पिल्लं झोपवू कशी?"

मी म्हणालो, "मी नाही धरणार जा. चहा मिळेल, तेव्हा धरेन."

"शब्द दिला होता ना?"

"दिला होता. चहाशिवाय दिला होता. आता चहा हवा."

ठिणगीने माझा अंगठा चावला. थोडासाच. मी उडालो. थोडासाच. पण उठलो नाही.

करवंटीत पिल्लं ओरडली. चिं चिं चिं!

ठिणगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

माई स्वयंपाकघरात होती. पोह्यांतून भुसा निवडत होती. एक पोहा इकडे, एक भुसा तिकडे. चेहरा असा, की मी तिकडे जातच नव्हतो.

ठिणगी म्हणाली,

"माई माई, चहा करा!
नाना धरेनात कागद.
कागद घासेना फळी.
फळी होईना गुळगुळीत.
पिल्लं झोपवू कशी?"

माई म्हणाली, "मी नाही करणार जा. चहात भुसा पडतो. झाडू झाडेल, तेव्हा करेन."

"माई, पिल्लं कुडकुडतायत हो!"

"कळतं गं बाई मला. पण त्या स्टुलाच्या वेळी भुशाचा चहा झाला. तुझे नाना म्हणाले, आलं छान पडलंय!"

खरंच छान लागला होता. ते जाऊ दे.

ठिणगीने शेपटी आपटली. फट फट! आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

झाडू दारात आडवी पडली होती. तिच्यावर काहीतरी मोठं, केसाळ, घोरत होतं. घर्र… फुस्स. घर्र… फुस्स.

ठिणगी हळूच म्हणाली,

"झाडूताई झाडूताई, भुसा झाडा!
माई करेनात चहा.
नाना धरेनात कागद.
कागद घासेना फळी.
फळी होईना गुळगुळीत.
पिल्लं झोपवू कशी?"

झाडू चेपलेल्या आवाजात म्हणाली, "मी नाही झाडणार जा. बोका उठेल, तेव्हा झाडेन."

बोका!

पोरांनो, उंदरिणीला कोणाकडे जायचं नसतं? बोक्याकडे. आणि ठिणगीला कोणाकडे जायचं होतं? बोक्याकडे. एवढं कोणाचं नशीब असतं का? असतं. ठिणगीचं होतं.

ती दोन पावलं मागे सरकली. तेवढ्यात करवंटीत पिल्लं ओरडली. चिं चिं चिं!

ठिणगी तडक बोक्याच्या नाकासमोर उभी राहिली. दोन पायांवर.

बोक्याचं नाव लोडोबा. आधी गादीवरचा लोड बघा, मग लोडोबा बघा. फरक एकच. लोड घोरत नाही.

ठिणगी म्हणाली,

"लोडोबा लोडोबा, उठा!
झाडू झाडेना भुसा.
माई करेनात चहा.
नाना धरेनात कागद.
कागद घासेना फळी.
फळी होईना गुळगुळीत.
पिल्लं झोपवू कशी?"

लोडोबाने एक डोळा उघडला. "उंदरीण? तुला खाऊ का?"

"नंतर! आत्ता कामात आहे!"

लोडोबाने दुसराही डोळा उघडला. असं त्याला कोणीच कधी म्हटलं नव्हतं.

तो म्हणाला, "मी नाही उठणार जा. फरशी गार आहे. ऊन आत येईल, तेव्हा उठेन."

आणि पुन्हा घोरला. घर्र… फुस्स.

ठिणगीने डोकं झाडूवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा झाडू म्हणाली, "अगं, लागतं ना मला!"

ठिणगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. दाराखालून बाहेर. भिंतीवर. खिडकीजवळ.

बाहेर ऊन बसलं होतं. पिवळं. उबदार. पाय हलवत.

ठिणगी म्हणाली. आता तुम्हीही म्हणा. मोठ्याने! शेजारचे ओरडले, तर मला सांगा. मी पण ओरडेन.

"ऊनमामा ऊनमामा, आत या!
लोडोबा उठेना जागचा.
झाडू झाडेना भुसा.
माई करेनात चहा.
नाना धरेनात कागद.
कागद घासेना फळी.
फळी होईना गुळगुळीत.
पिल्लं झोपवू कशी?"

ऊन म्हणालं, "मी नाही येणार जा. खिडकीत फळी उभी आहे. फळी हलेल, तेव्हा येईन."

ठिणगीने कान टवकारले.

"कुठली फळी?"

"ही काय. खरखरीत."

"तीच फळी?"

"तीच."

ठिणगीच्या कानांतून वाफ निघाली. म्हणजे निघाली असती. उंदरिणीच्या कानांतून निघत नाही. केटलीतून निघते. केटली मात्र थंड होती, कारण चहा नव्हता!

ठिणगी परत आली. फळीसमोर. जिथून निघाली, तिथेच! वाचणाऱ्या बाबा, जांभई नको. ठिणगीने दिली का?

ठिणगीने मोठा श्वास घेतला.

"फळीबाई फळीबाई, हला!
ऊन येईना आत.
लोडोबा उठेना जागचा.
झाडू झाडेना भुसा.
माई करेनात चहा.
नाना धरेनात कागद.
कागद घासेना फळी.
फळी होईना गुळगुळीत.
पिल्लं झोपवू कशी?"

फळी म्हणाली, "मी नाही हलणार जा. गुळगुळीत होईन, तेव्हा हलेन."

"आणि गुळगुळीत कधी होणार?"

"कागद घासेल, तेव्हा होईन."

संपलं! ठिणगीने हात टेकले. हात कुठले? पुढचे दोन पाय टेकले. मग मागचे दोन टेकले. मग हनुवटी टेकली.

"फळी म्हणते कागद. कागद म्हणतो नाना. नाना म्हणतात चहा. माई म्हणतात झाडू. झाडू म्हणते बोका. बोका म्हणतो ऊन. ऊन म्हणतं फळी. घरात एवढे सगळे, आणि हलायचं कोणी? मीच!"

करवंटीत पिल्लं ओरडली. आता हळू ओरडली. चिं… चिं…

सगळ्यात धाकट्याचा तर आवाजच आला नाही.

ठिणगी ताडकन उठली. फळीच्या खाली बघितलं. तिथे एक लाकडाचा तुकडा होता. फळी घसरू नये म्हणून मी तो अडकवून ठेवला होता. त्याला पाचर म्हणतात. छोटीशी पाचर. मोठीशी फळी.

ठिणगीने दात लावले. कुर्र कुर्र कुर्र!

मी खुर्चीतून ओरडलो, "ए! काय चाललंय?"

कुर्र कुर्र कुर्र!

फळी म्हणाली, "अगं अगं अगं! मी पडेन!"

कुर्र कुर्र कुर्र! कट्!

पाचर तुटली. ठिणगीने उडी मारली. फळी डुगडुगली. इकडे. तिकडे. आणि…

धप्प!

फळी आडवी. खिडकी मोकळी.

ऊन आत आलं. सर्रकन्! थेट फरशीवर.

फरशी उबदार झाली. लोडोबा उठला. इतका लांब झाला, इतका लांब झाला, की शेपटी दारात आणि नाक खिडकीत. मग उन्हात जाऊन पडला. पुन्हा घर्र… फुस्स.

झाडू मोकळी झाली. तिने भुसा झाडला. सळ सळ सळ! पलंगाखालचा झाडला. कपाटामागचा झाडला. माझ्या मिशीतलाही झाडला. हाकछी!

माईने चहा केला. खळ खळ खळ! आलं घातलं. या वेळी खरं आलं.

मी चहा प्यालो. फुर्र फुर्र फुर्र! बशी चाटत होतो, तर समोर ठिणगी. पुढचे दोन्ही पाय कमरेवर. मी बशी खाली ठेवली. मी कागद धरला.

मी गुंडाळी उघडली. आत दोन कागद. एकावर आकडा साठ. एकावर आकडा दोनशे वीस.

आता मी तिसरी पास. म्हणजे पास होता होता घरी आलो. मला वाटलं, मोठा आकडा म्हणजे मोठे दात. छोटा आकडा म्हणजे छोटे दात. आधी मोठे दात लावावेत, मग छोटे. नाना हुशार!

मी आधी दोनशे वीस घेतला. खस खस खस!

मग साठ घेतला. खर्र खर्र खर्र!

"घे. झाली गुळगुळीत," मी म्हणालो.

ठिणगीने पंजा फिरवला.

"आई आई गं!"

पुन्हा कूस! ठिणगीने ती ओढली. माझ्याकडे बघितलं. कागदाकडे बघितलं. छताकडे बघितलं.

"नाना, ही तर आणखीच खरखरीत झाली!"

दोन्ही कागद खो खो हसले. "नाना, उलटं केलंत! साठचे दात मोठे. दोनशेवीसचे दात बारीक. आधी साठ, मग दोनशे वीस!"

"मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंत का?"

माई दारातून म्हणाली, "मी म्हणाले होते, सुताराला बोलावू."

ठिणगीने कपाळावर पंजा मारला. "नाना! घासा! दोनशे वीस घ्या! लाकडाच्या रेघा जातात त्या दिशेने घासा! आडवं नको! इकडे! तिकडे नव्हे हो, इकडे!"

मी घासलं. काय करता? हत्तीएवढा राग होता ना.

खस खस खस! हात दुखला.

खस खस खस! कंबर दुखली.

खस खस खस! मिशीसुद्धा दुखली.

ठिणगीने पंजा फिरवला. काही टोचलं नाही. मग पोट लावलं. काही टोचलं नाही. मग गाल लावला. डोळे मिटले.

"झाली," ती हळूच म्हणाली.

ऊन फळीवर आलं. फळी गरम झाली. ठिणगीने पिल्लं आणली. एकेक करून. तोंडात धरून.

पहिलं ठेवलं. गप्प.

दुसरं ठेवलं. गप्प.

तिसरं ठेवलं. गप्प.

चौथं ठेवलं. ते घसरत गेलं. सुळ्ळ! त्याला परत आणलं. गप्प.

आणि धाकटं. ज्याचा आवाज आला नव्हता, ते. ठिणगीने त्याला मधोमध ठेवलं. सगळ्यांच्या कुशीत. उन्हात.

आम्ही बघत राहिलो. माई बघत राहिली. कागद बघत राहिले. लोडोबानेही एक डोळा उघडला.

धाकट्याने पाय हलवला. नाक हलवलं. आणि म्हणालं, "चिं."

मग तेही झोपलं.

पाच गुलाबी पोटं. वर. खाली. वर. खाली. एकालाही कूस नाही.

ठिणगी त्यांच्याजवळ आडवी झाली. पहिल्यांदाच तिची शेपटी शांत पडली. मीही गुपचूप खुर्चीकडे निघालो. कंबर धरून. एक पाऊल. दोन पावलं.

"नाना," ठिणगी म्हणाली.

"आता काय बाई? झालं की सगळं! बघ, कशी आरशासारखी झाली फळी. आता मी आठ दिवस कशाला हात लावणार नाही."

ठिणगीने डोळे उघडलेसुद्धा नाहीत.

"पोरं आज झोपलीत. उद्या रांगत फळीखाली जातील. फळीची दुसरी बाजू कोण घासणार? लोडोबा?"